चिपाड आणि मक्याच्या स्टार्चपासून रोपांची पिशवी: शीट तडकतं, बुरशी येते

हिरवी_पालवी (शिरोळ, जि. कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. आमच्या बचत गटाची छोटी रोपवाटिका आहे. टोमॅटो, मिरची, पपई, शेवगा अशी रोपं विकतो. काळ्या पॉलिथिन पिशव्यांऐवजी गुऱ्हाळावरच्या चिपाडापासून रोपासकट जमिनीत पुरता येईल अशी पिशवी करायची आहे. सध्याची कृती: मक्याचा स्टार्च १० ग्रॅम, पाणी ६० मिली, ग्लिसरीन ५ मिली, व्हिनेगर ५ मिली आणि मिक्सरमधून काढलेला चिपाडाचा भुगा २ ग्रॅम. पारदर्शक होईपर्यंत ढवळत शिजवतो, ताटात ओततो, उन्हात वाळवतो.

अडचणी अशा: वाळताना मध्येच भेगा पडतात आणि कडा वर वळतात. जे शीट टिकतं ते हाताला चिकट लागतं आणि डब्यात ठेवलं की बुरशी येते. पाणी लागलं की लिबलिबीत होतं. फाटतं ते नेमकं भुग्याच्या कणापाशी. चिपाडाला कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करावी लागेल का? आणि चिपाडापासून थेट पीएलए (पॉलीलॅक्टिक आम्ल, म्हणजे वनस्पतींच्या साखरेपासूनचं प्लास्टिक) बनवता येतं का?

बहुवारिक

ताई, चारही अडचणींची कारणं तुमच्या कृतीतच आहेत.

ग्लिसरीन मिलीमध्ये मोजू नका, वजन करा. त्याची घनता १.२६ आहे, म्हणजे ५ मिली म्हणजे ६.३ ग्रॅम. १० ग्रॅम स्टार्चला हे ६३ टक्के झालं. चालतं ते २५ ते ३५ टक्के. त्याच्या वर गेलं की जास्तीचं ग्लिसरीन पृष्ठभागावर येतं, हवेतली ओल ओढतं, आणि चिकटपणा व बुरशी दोन्ही तिथून सुरू होतात. उलट २० टक्क्यांच्या खाली उतरलात तर शीट काचेसारखं मोडेल.

पाणी फार कमी आहे. इतक्या घट्ट खळीत काही दाणे नीट फुगत नाहीत आणि बुडबुडे अडकून बसतात. पुढच्या वेळी असं करा: स्टार्च ५ ग्रॅम, पाणी १०० मिली, ग्लिसरीन १.५ ग्रॅम. स्टार्च आधी थंड पाण्यात कालवा. मक्याचा स्टार्च साधारण ६२ ते ७२ अंशांत फुगतो, पण तिथे थांबू नका. ८५ ते ९० अंशांवर १५ मिनिटं सावकाश ढवळत ठेवा. वाफेने गेलेलं पाणी वजन करून भरून काढा. फेटू नका, हवा शिरते. मग पातळी बघून ठेवलेल्या २० बाय १५ सेंमीच्या ट्रेमध्ये सगळं ओता. वाळल्यावर जाडी ०.१५ ते ०.१८ मिमी भरेल.

उन्हात वाळवणं बंद करा. वरची साय आधी धरते, खालचं ओलं नंतर आकसतं, म्हणून भेगा. ४० ते ४५ अंशांच्या पेटीत, हलक्या हवेवर, साधारण दिवसभर. मक्याच्या शुद्ध स्टार्चला व्हिनेगरची गरज नाही. गरम आम्ल साखळ्या तोडतं, त्यामुळे जास्त वेळ शिजवलं तर ताकद कमीच होते.

भुगा: शीट ०.१७ मिमी जाड आणि कण १ मिमीचा असेल तर तो कण म्हणजे भोकच. फिल्ममध्ये, म्हणजे अशा पातळ शीटमध्ये, घालायचा असेल तर २०० मेशच्या चाळणीतून गेलेला, म्हणजे ७५ मायक्रॉनच्या आतला, आणि तोही स्टार्चच्या ५ ते १० टक्केच.

आता मुख्य मुद्दा. हे सगळं नीट जमलं तरी रोपाची पिशवी म्हणून ही फिल्म टिकणार नाही. स्टार्च आणि ग्लिसरीन दोघांनाही पाणी प्रिय. शिवाय काही आठवड्यांत स्टार्चच्या साखळ्या पुन्हा एकमेकींना चिकटून स्फटिकं धरतात आणि शीट आपोआप कडक होतं. शिळ्या भातात होतं तेच. रोज पाणी घालायच्या वस्तूला फिल्म नको, जाड भिंतीची दाबलेली कुंडी हवी.

पीएलएचा विचार सोडा. चिपाडातल्या सेल्युलोजची आधी साखर करायची, तिचं आंबवून लॅक्टिक आम्ल, ते शुद्ध करून लॅक्टाइड (त्याच आम्लाचे जोडरेणू), मग त्याचं बहुवारिकीकरण, म्हणजे रेणू जोडून लांब साखळ्या करणं. हे शेडमधलं काम नाही. आणि पीएलए शेतातल्या मातीत लवकर कुजतही नाही, त्याला ५८ अंशांच्या आसपासचं औद्योगिक कंपोस्ट लागतं.

लगदा_कागद

कॉस्टिकबद्दल. फिल्मसाठी हवं, कुंडीसाठी नको.

करूनच बघायचं असेल तर: कोरडं चिपाड १०० ग्रॅम, पाणी २ लिटर, कॉस्टिक सोडा ८० ग्रॅम म्हणजे ४ टक्के, ८० अंशांवर २ तास. भांडं स्टीलचं. ॲल्युमिनियम अजिबात नाही, कॉस्टिक त्याला खातं आणि हायड्रोजन वायू निघतो. नेहमी पाण्यात कॉस्टिक थोडं थोडं टाका, कॉस्टिकवर पाणी ओतू नका. हातमोजे आणि चष्मा लागतोच. डोळ्यात उडालं तर निदान १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा आणि थेट दवाखाना गाठा. नंतर फडक्यातून गाळून पीएच ७ येईपर्यंत धुवायचं. हातात मूळ वजनाच्या सुमारे निम्मं ते साठ टक्के उरतं, बाकी लिग्निन (धाग्यांना जोडून ठेवणारा नैसर्गिक घटक) आणि हेमिसेल्युलोज (सेल्युलोजसोबतचा दुसरा घटक) काळ्या पाण्यात जातं. ते पाणी ओढ्यात किंवा शेतात सोडणं सरळ चुकीचं आहे. त्याची सोय नसेल तर ही प्रक्रिया सुरूच करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कुंडीत लिग्निन राहू द्या. ओलसर लिग्निन १०० अंशांच्या पुढे मऊ होतं आणि गरम दाबात धाग्यांना धरून ठेवतं. चिपाडात सुमारे २० ते २५ टक्के लिग्निन असतं. फुकटचा डिंक आहे, तो कॉस्टिकने धुऊन का टाकायचा?

साखर मात्र काढाच. गुऱ्हाळाच्या चरकातून निघालेल्या चिपाडात कारखान्याच्या चिपाडापेक्षा जास्त रस राहतो. तीच साखर बुरशीला खाद्य देते आणि गरम साच्यात करपून चिकटते. दहापट पाण्यात ६० ते ७० अंशांवर अर्धा तास, असं दोनदा धुवा. वाळवा, दळा, चाळा. ०.५ मिमीच्या खालचा मऊ भुसा गांडूळखताला द्या, तो पाणी आणि खळ दोन्ही शोषून बसतो. कुंडीला २ ते ५ मिमीचे धागे ठेवा.

पाचट यात मिसळू नका. त्यात सिलिका जास्त, पाती लवकर बोथट होतात. पाचट सरीत आच्छादन म्हणूनच चांगलं.

हिरवी_पालवी

दोघांचेही आभार. मग कुंडीचीच कृती सांगा ना. आमच्याकडे १० टनी बाटली जॅक आहे, तेवढ्यावर भागेल का?

साचेकार

भागेल, कुंडी लहान ठेवली तर. वरचा व्यास ८ सेंमी, तळ ६ सेंमी, उंची ८ सेंमी, भिंत २.५ मिमी. वरून दिसणारं क्षेत्र ५० चौ. सेंमी येतं. चौ. सेंमीला ८० किलो दाब धरला तर ४ टन लागतात. या मापात भिंतीला सुमारे ७ अंशांचा उतार मिळतो. ५ अंशांच्या खाली जाऊ नका. भिंत जितकी उभी, तितका तिच्यावर दाब कमी, आणि मग तळ टणक पण काठ भुसभुशीत अशी कुंडी निघते.

तीन कुंड्यांचा माल: पूर्ण कोरडे धागे १०० ग्रॅम (हवेवर वाळलेले असतील तर साधारण १०९ घ्या), मक्याचा स्टार्च २५ ग्रॅम, सायट्रिक आम्ल म्हणजे लिंबूसत्त्व २ ग्रॅम. ग्लिसरीन नाही. स्टार्च ५० मिली थंड पाण्यात कालवून १५० मिली उकळत्या पाण्यात ओता, खळ झाली की आचेवरून उतरवून लिंबूसत्त्व घाला. धाग्यांत हाताने रगडा, एकही धागा कोरडा दिसता कामा नये.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी. हा ओला माल तसाच दाबू नका. सावलीत पसरा आणि एकूण वजन १४८ ते १५० ग्रॅमवर येईपर्यंत थांबा. म्हणजे ओल १६ टक्क्यांच्या आसपास आली. ओल जास्त असेल तर साचा उघडताक्षणी आतली वाफ फुटते आणि भिंतीचे पापुद्रे सुटतात. १० टक्क्यांच्या खाली गेली तर माल साच्यात सरकतच नाही.

साचा १६० अंशांवर. एका कुंडीला सुमारे ५० ग्रॅम माल. दाब द्या, ३० सेकंदांनी जॅक किंचित सैल करून वाफ जाऊ द्या, पुन्हा दाबा, एका मिनिटाने पुन्हा एकदा. मग ५ ते ६ मिनिटं धरून ठेवा आणि दाब हळूहळू सोडा. या तापमानाला लिंबूसत्त्व स्टार्चच्या साखळ्यांमध्ये पूल बांधतं, त्यामुळे कुंडी पाण्यात लवकर विरघळत नाही. लिंबूसत्त्व वाढवलं तर जास्त पक्की होईल असं वाटतं, पण जास्तीचं आम्ल स्टार्चच तोडतं. १८० अंशांच्या वर करपट वास येतो आणि कुंडी ठिसूळ होते. निचऱ्याच्या भोकांसाठी तळाच्या साच्यातच ८ मिमीच्या चार खुंट्या ठेवा. नंतर ड्रिल मारलं की तडा जातो.

जॅक आणि गरम साचा यांच्यामध्ये उष्णतारोधक पत्रा हवाच. जॅकमधलं तेल तापलं की सील जातं.

माती_आणि_मूळ

कुंडी झाल्यावरचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

चिपाडात कर्ब-नत्राचं गुणोत्तर शंभराच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतं. भिंत कुजू लागली की जिवाणू आपलं नत्र मातीतूनच उचलतात आणि रोपाची खालची पानं पिवळी पडतात. रोग समजून लोक औषध मारतात. औषध नको, आठवड्यातून एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं विद्राव्य खत) लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात मुळाशी द्या.

कुंड्या एकमेकींना चिकटवून मांडू नका. २ सेंमी अंतर, खाली तारेची जाळी. प्लास्टिकच्या कागदावर ठेवल्या तर तळ सतत ओला राहून सगळ्यात आधी तोच जातो.

टोमॅटो, मिरची चार-पाच आठवड्यांत निघतात, त्यांच्यापासूनच सुरुवात करा. पपई, शेवग्याला जास्त दिवस लागतात, भिंतीची जाडी वाढवल्याशिवाय त्यांच्या वाटेला जाऊ नका.

लागवडीच्या वेळी कुंडी पाण्यात बुडवून मऊ करा, भिंतीला दोन-तीन ठिकाणी उभी चीर द्या आणि काठ पूर्ण मातीखाली जाऊ द्या. काठ वर राहिला तर वातीसारखं आतलं पाणी ओढून हवेत सोडतो आणि ओल्या वावरात रोप सुकतं. गिऱ्हाईकालाही हे सांगून पाठवा, नाहीतर दोष कुंडीला लागेल.

कुजण्याची चाचणी: ५ बाय ५ सेंमीचे तुकडे वजन करून नायलॉन जाळीच्या पुरचुंडीत, ओलसर मातीत ५ ते ८ सेंमी खोल. दर आठवड्याला एक काढा, धुवा, वाळवा, वजन करा. शेजारी तेवढाच साधा गाळणकागद पुरा, म्हणजे तुलनेला आधार मिळेल. फिल्मची चाचणी घेत असाल तर पहिल्या आठवड्यातली घट मोजू नका, ते नुसतं ग्लिसरीन पाण्यात विरघळून गेलेलं असतं.

नियमवाचक

विक्रीआधी एक गोष्ट. फिल्मची पिशवी ‘कंपोस्टेबल प्लास्टिक’ म्हणून विकायची असेल तर आयएस/आयएसओ १७०८८ ची चाचणी आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये तसं स्पष्ट आहे. त्या मानकानुसार १८० दिवसांत ९० टक्के कर्बाचं कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर व्हावं लागतं. घरच्या मातीतल्या चाचणीवर तो शब्द छापू नका. कुंडीवर ‘चिपाड आणि मक्याच्या स्टार्चची कुंडी’ एवढंच लिहा.

हिरवी_पालवी

खूप उपयोग झाला. शेवटचं: साच्याचं तापमान कसं बघायचं? आणि साच्याला तेल लावायचं का?

साचेकार

साच्याच्या भिंतीत ३ मिमीचं भोक पाडून के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारा तारेचा सेन्सर) बसवा, त्याला साधा तापमान नियंत्रक जोडा. हीटरपासून लांब, माल जिथे टेकतो त्या बाजूला बसवा, नाहीतर आकडा १६० दाखवेल आणि माल १३० वर असेल. नर (आतला) आणि मादी (बाहेरचा) दोन्ही साच्यांना वेगवेगळा हीटर हवा. तेल लावू नका, त्या जागी खळ धरत नाही आणि काठ सुटतो. गरम साच्यावर कर्नोबा मेणाचा (ताडाच्या पानांपासूनचं कडक मेण) पातळ हात फिरवा, दर आठ-दहा कुंड्यांनंतर पुन्हा एकदा.