मदत हवी आहे: स्टिकर लावलेल्या घरच्या डीव्हीडी मधेच अडकतात. स्टिकर काढू का?

नमस्कार मंडळी,

२००७ च्या मे महिन्यात बाबांनी आजीच्या, म्हणजे आईच्या आईच्या, जात्यावरच्या ओव्या हँडीकॅमवर घेतल्या होत्या. आजी निफाड तालुक्यातली. तिच्याच पडवीत, तिच्याच जात्यावर, पहाटेच्या दळणाला. कॅसेटवरून संगणकात घेऊन बाबांनी त्याच्या ११ डीव्हीडी आणि नुसत्या आवाजाच्या ४ ऑडिओ सीडी घरीच बर्न केल्या. त्या काळी एका ए-फोर कागदावर दोन गोल स्टिकर असलेली पाकिटं मिळायची, ती एमजी रोडवरून आणून त्यांनी डिस्कवर लावली. प्रत्येक स्टिकरवर नंबर, तारीख आणि त्यात कोणत्या ओव्या आहेत ते शाईच्या पेनाने लिहिलं. कॅसेट पुढे दुसऱ्या शूटिंगला वापरून झाल्या. म्हणजे आता आहे ते एवढंच. आजी नाही, आणि गेल्या वर्षी बाबाही गेले.

गेल्या आठवड्यात पंचवटीतल्या वाड्यातून तो डबा इंदिरानगरला आणला. ४ नंबरची डीव्हीडी जुन्या प्लेअरमध्ये टाकली. सुरुवात अगदी स्वच्छ. आजीचा खुंट्यावरचा हात, कडेने सांडणारं पीठ, सगळं दिसतं. पंचेचाळीस मिनिटं झाली की चित्राचे चौकोन होतात, आवाज तुटतो आणि ओवी अर्ध्यावर असताना सगळं थांबतं. लॅपटॉपला बाहेरचा ड्राइव्ह लावून बघितला. पहिल्या तीन व्हीओबी, म्हणजे चित्र-आवाजाच्या, फाइली उतरतात, चौथीला ड्राइव्ह नुसता घरघरत राहतो. ७ आणि ९ नंबरचंही तेच. ऑडिओ सीडी मात्र वाजतात, फक्त चौथी सीडी रखडते.

डिस्क उजेडात तिरकी धरली तर काठाजवळ तीन ठिकाणी स्टिकर फुगलेला दिसतो. बोटाने दाबला की खालचा गोंद सरकतो, बोट उचललं की फुगा परत वर. टेबलाच्या काचेवर ठेवली तर एका बाजूने पोस्टकार्ड सहज खाली जातं, इतकी ती वाकली आहे.

एक गोष्ट लक्षात आली. ११ पैकी तीन डीव्हीडींवर स्टिकर नाही, बहुतेक संपले असावेत, म्हणून मार्करने लिहिलंय. त्या तिन्ही शेवटपर्यंत चालतात. डिस्क त्याच डब्यातल्या, ड्राइव्ह तोच, वाड्यातलं कपाटही तेच.

मग दोष स्टिकरचाच समजायचा का? तो काढला तर डिस्क चालेल का? खरं सांगायचं तर काढायचं म्हटलं की हात थांबतो, कारण त्यावर बाबांचं अक्षर आहे. आणि मामा-मावशींना नव्या कॉपी द्यायच्या आहेत, त्यांच्यावर नाव कसं घालू?

— ओवीची नात

जुनाध्वनी:

ताई, सगळ्यात आधी हे: स्टिकर काढू नका. एका डिस्कवरही प्रयोग करू नका.

आता कारण. लेझर डिस्क खालून वाचतो, त्यामुळे वरचा कागद त्याच्या वाटेत येत नाही. कागद त्रास देतो तो वेगळ्याच तऱ्हेने. दमट हवेत कागद फुगतो, सुकला की आक्रसतो, आणि एकाच बाजूला चिकटलेला असल्याने डिस्कला हळूहळू ओढून वाकवतो. पंचवटीतल्या वाड्यात अठरा पावसाळे काढलेत म्हणजे ही ओढाताण किती वेळा झाली असेल बघा. डीव्हीडी या बाबतीत सीडीपेक्षा फार नाजूक, कारण तिच्यावरचे ट्रॅक जास्त जवळजवळ असतात आणि डिस्क जराशी तिरकी झाली तरी लेझरचा नेम चुकतो. तुमच्या बहुतेक सीडी वाजतात आणि डीव्हीडी अडकतात, ते यामुळेच.

पंचेचाळीस मिनिटांचा हिशोब तर बरोबर जुळतो. डिस्कवरचा डेटा आतून बाहेर लिहिला जातो, मध्यापासून २४ मिलिमीटरवर सुरू होतो आणि ५८ ला संपतो. तासाभराच्या रेकॉर्डिंगची पंचेचाळीस मिनिटं म्हणजे साधारण ५१-५२ मिलिमीटरवर, काठापासून आठ-नऊ मिलिमीटर आत. वाकलेली डिस्क सर्वांत जास्त हलते ती तिथेच. पट्टी घेऊन मोजा, तुमचे फुगेही त्याच पट्ट्यात असतील.

अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २००३ साली डिस्कची निगा राखण्याबद्दल पुस्तिका काढली होती. पाच वर्षांहून जास्त टिकवायच्या डिस्कना चिकटवायचं लेबल लावू नये, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. तुमच्या वडिलांची यात चूक नाही. ते स्टिकर खास सीडी-डीव्हीडीसाठी म्हणूनच विकले जायचे.

काय करायचं ते सांगतो. मऊ कापडाने खालची बाजू मधून काठाकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. लिनक्सवर डीडीरेस्क्यू (खराब डिस्कवरून डेटा काढायचा प्रोग्राम) चालवा, ब्लॉक साइज २०४८ द्या आणि मॅप फाइल जपून ठेवा. कुठले तुकडे वाचले आणि कुठले राहिले याची नोंद त्यात असते, त्यामुळे तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून फक्त राहिलेलं वाचता येतं. वेग कमीत कमी ठेवा. १६ एक्सला, म्हणजे सोळापट वेगाला, डिस्क मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेते, तिथे वाकडी डिस्क थरथरणारच. एका डिस्कनंतर ड्राइव्ह थंड होऊ द्या, गरम झाला की गोंद आणखी ढिला होतो.

सिडकोकर:

माझ्याकडे स्टिकरवाल्या भजनांच्या सीडी आहेत, चौदा वर्षं झाली, घरच्या प्लेअरवर सगळ्या वाजतात. त्यामुळे प्रत्येक स्टिकर डिस्क मारतोच असं मी म्हणणार नाही. पण त्यातलीच एक गाडीच्या प्लेअरमध्ये घातली होती, ट्रे नसलेल्या, नुसत्या फटीतून ओढून घेणाऱ्या. उन्हात उभी असलेली गाडी. स्टिकरचा काठ सुटून आत गुंडाळला गेला आणि डिस्क बाहेरच येईना. प्लेअर खोलून काढावी लागली.

अंबडकर:

स्टिकर काढू नका यावर माझंही अनुमोदन, माझी एक गेली आहे. ऑडिओ सीडी होती. कोपरा नखाने उचलला, कागद सुटला, आणि त्याच्या मागे चंदेरी थर पापुद्र्यासारखा निघून आला. डिस्क बल्बसमोर धरली तर आरपार दिसत होतं. सीडीचा डेटा वरच्या बाजूला असतो, त्यावर नुसता लॅकरचा, म्हणजे संरक्षक वार्निशसारखा, पातळ थर. डीव्हीडीत तो दोन प्लास्टिकच्या चकत्यांच्या मध्ये असतो म्हणून तिथे असं होत नाही, पण स्टिकर ओढताना डिस्क वाकून त्या दोन चकत्याच एकमेकींपासून सुटू शकतात.

सीडीवर बॉलपेन तर कधीच नको. टोक दाबलं की खालच्या थराला खड्डा पडतो.

ओवीची नात:

सगळ्यांचे मनापासून आभार. पट्टीने मोजलं. तिन्ही फुगे काठापासून सहा ते दहा मिलिमीटरच्या आत आहेत.

स्टिकर तसेच ठेवते. अकराही डिस्क स्कॅनरच्या काचेवर पालथ्या ठेवून बाबांचं अक्षर ६०० डीपीआयला स्कॅन केलं. ५ नंबरवर त्यांनी 'मध्ये कोंबडा आरवतो, काढू नये' असं बारीक लिहिलंय, ते मी आजवर वाचलंच नव्हतं.

नव्या कॉपींचं सांगाल का? मार्करही कुठलाही चालेल का?

जुनाध्वनी:

कुठलाही नाही. उग्र वासाचे, झायलीन किंवा टोल्यूइनसारखी द्रावकं असलेले मार्कर लॅकर खाऊ शकतात. पाण्याच्या शाईचा, मऊ टोकाचा, डिस्कवर लिहायचाच मार्कर घ्या. आणि जमलं तर मधल्या पारदर्शक कड्यावरच लिहा, तिथे डेटा नसतो. दोन-तीन शब्दच मावतात, पण नंबर पुरतो. बाकी सगळं कव्हरमधल्या कागदावर. आणि फक्त डिस्कवर विसंबू नका, एक प्रत हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्याच्या घरी.

ओवीची नात:

आठ दिवसांनी लिहितेय. स्टिकरवाल्या आठपैकी सात डीव्हीडी पूर्ण उतरल्या. ४ नंबरला दोन रात्री लागल्या, पण चौथी फाइल आली आणि ती ओवी आता शेवटपर्यंत ऐकू येते. ऑडिओ सीडींना डीडीरेस्क्यू चालत नाही म्हणून त्या एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या सीडी उतरवायच्या प्रोग्रामने घेतल्या, रखडलेली चौथी सीडीही आली. सगळ्याची एक प्रत नाशिकरोडला मामांकडे दिली.

९ नंबरची शेवटची सव्वादोन मिनिटं राहिली आहेत. मामांच्या जुन्या पीसीत वेगळ्या कंपनीचा ड्राइव्ह आहे. रविवारी मॅप फाइल घेऊन तिकडे जातेय.