वेअरवुल्फ झालेलं कॅरेक्टर तुम्ही कसं सांभाळलंत? अनुभव लिहा

अमृतवेल

काल माळा आवरताना जुन्या फाइलीत एक घडी घातलेली कॅरेक्टर शीट (खेळातल्या पात्राच्या नोंदींचा कागद) सापडली. पेन्सिलीनं लिहिलेली, कोपऱ्यावर मसाला दुधाचा डाग. ताकद १३ खोडून १५ केलेली आणि खाली माझ्याच अक्षरात, ‘साध्या शस्त्रांनी इजा नाही’. ती ओळ वाचली आणि पोटात कालवलं.

२०१७ साली पुण्यात आम्ही पाच जण दर शनिवारी डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकत गोष्ट रंगवायचा खेळ) खेळायचो, पाचवी आवृत्ती. डीएम, म्हणजे गोष्ट आणि नियम सांभाळणारी व्यक्ती, मी. तिसऱ्या लेव्हलला मित्राच्या फायटरला (लढवय्या पात्राला) वेअरवुल्फ, म्हणजे लांडगा होणारा माणूस, चावला. शाप टाळायला कॉन्स्टिट्यूशनच्या (चिवटपणाच्या) फाशावर १२ हवे होते, त्याला एकूण ७ पडले. तो खूश, मीही खूश. शापित खेळाडूंसाठी तेव्हाच्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये (राक्षसांच्या नियमपुस्तकात) छोटी चौकट होती, ती जशीच्या तशी लावली. ताकद १५, लांडग्याच्या रूपात एसीत (घाव चुकवायच्या आकड्यात) १ ची भर, आणि शस्त्र चांदीचं किंवा जादूचं नसेल तर घाव लागतच नाही.

पुढच्या शनिवारी मी बारा दरोडेखोर आणले. आठवडाभर खपून रचलेली लढाई होती. तो खिंडीत मधोमध जाऊन उभा राहिला. बाण, तलवारी, गदा, सगळ्यांचा हिशोब शून्य. बाकी तिघं फासे हातात धरून नुसती बघत होती. चोर खेळणारी मैत्रीण निघताना म्हणाली, “आज माझी गरज नव्हतीच.” त्यानंतर तीन शनिवार ती आली नाही.

मी त्यावर आणखी चूक केली. प्रत्येक गुंडाच्या हातात चांदीचा सुरा दिला. एका शस्त्राला चांदी चढवायला सोन्याची १०० नाणी लागतात, रानातला फाटका दरोडेखोर ती आणणार कुठून? डीएमनं एकट्यावर डूख धरलाय हे मित्राला लगेच कळलं, आणि ते त्याला फार लागलं.

मग सगळ्यांना बसवून मोकळेपणी बोललो. अभेद्यपणा काढला. साध्या शस्त्राचा मार निम्मा, तोही फक्त लांडगा असताना. आणि पौर्णिमेच्या रात्री रूप बदलणारच, त्याची इच्छा असो वा नसो. पौर्णिमा ठरवायला स्वयंपाकघरातलं कालनिर्णय काढून टेबलावर आणलं. खऱ्या पौर्णिमेनंतरच्या शनिवारी खेळातही पौर्णिमा. पहिली आली ती कोजागिरी. त्या रात्री त्याला बांधून कोण ठेवणार हा प्रश्न आला, आणि गाठी मारण्यात चोराचा हात धरणारं कुणीच नव्हतं. मैत्रिणीला फोन केला, ती आली.

तुमचं सांगा. असं कॅरेक्टर आलं तेव्हा बाकीच्यांचं काय झालं, हे मला विशेष ऐकायचंय.

घाटमाथा

पाचव्या लेव्हलला क्लेरिक (पुजारी) आणि विझार्डला (जादूगार) रिमूव्ह कर्स हा शाप उतरवायचा मंत्र मिळतो. चावून लागलेला शाप त्यानं जातो, जन्मजात असेल तर विश हा त्याहून मोठा मंत्रच लागतो. म्हणजे पुस्तकाच्या हिशोबानं हा दोन लेव्हलचा पाहुणा आहे. आमच्या क्लेरिकनं तो मंत्र मुद्दाम घेतला नाही, कारण शापित खेळाडूला शाप प्रिय झाला होता. त्यावरून पार्टीत जी चर्चा झाली ती आमच्या कॅम्पेनमधली (अनेक बैठकांच्या सलग गोष्टीतली) सगळ्यात सुंदर दोन तासांची होती. एकही फासा पडला नाही.

सदाफुली

कुकर लावलाय, पटकन लिहिते. आमच्याकडे विझार्डला चावला!! लांडगा झाल्यावर बोलता येत नाही, मग मंत्र म्हणायचे कसे? बिचारा पौर्णिमा आली की रडकुंडीला यायचा. ताकद १५ होऊन त्याला काडीचा फायदा नाही. त्यामुळे चावा कुणाला बसतो त्यावर खूप आहे असं मला वाटतं. शिट्टी झाली, नंतर येते

रानवाट

अमृतवेल, अभेद्यपणा काढणं मला पटलं नाही, स्पष्ट सांगतो. खेळाडूनं धोका पत्करून मिळवलेली गोष्ट आहे ती. मी तशीच ठेवली आणि संकटं बदलली. आग, विष, पाणी यांना तो अभेद्य नाही. जाळ्यात अडकतो. कड्यावरून पडला तर लागतं, कारण पडणं म्हणजे हल्ला नव्हे, नियमातला शब्द हल्ला असा आहे. आणि तो पुढे मार खात असताना ओलीस कोण सोडवणार, दार कोण उघडणार? दर लढाईत दुसरं एक काम ठेवायचं, ते लांडग्याला जमणारं नको.

अमृतवेल

रानवाट, हे २०१७ ला कुणी सांगितलं असतं तर! ओलिसाचं फारच पटलं.

पाटावरवंटा

मला या खेळातलं ओ की ठो कळत नाही, मुलगा खेळतो म्हणून वाचतेय. आमच्या कोकणात सगळं भय अमावास्येचं, आणि तुमचा लांडगा पौर्णिमेला निघतो, गंमत वाटली. मुलाच्या ग्रुपमधल्या एकानं येणं सोडलंय, तो दोन आठवडे गप्प गप्प आहे. आज त्याला हे वाचायला देते.

अमृतवेल

काकू, जरूर द्या. त्या मुलाला एक फोन करायला सांगा, तेवढ्यानंही पुष्कळ होतं.

वीस_पडले

नागपुरात वीस बाजूंचे फासे दुकानात मिळतात का? ऑनलाइन मागवलेल्यातला एक सतत ३ च दाखवतो

घाटमाथा

मिठाच्या दाट पाण्यात तरंगवून बघ. दर वेळी तोच आकडा वर आला तर फासा एका बाजूला जड आहे.

सातासमुद्रा

डॅलसहून. आमच्या इथल्या गटात आम्ही दोघं मराठी. डी अँड डी सोडून वेअरवुल्फ: द अपोकॅलिप्स खेळतो, १९९२ पासूनचा खेळ आहे. त्यात सगळेच वेअरवुल्फ, त्यामुळे एक जण भारी आणि बाकीचे बघे ही भानगडच नाही. संताप हा आकडा असतो, तो वापरला की जोर येतो, आणि तोच हाताबाहेर गेला की आपल्याच माणसांवर धावून जातो आपण. माझ्या मते खरा तोल तिथे आहे. ताकद देणारी आणि माणसं तोडणारी गोष्ट एकच असली पाहिजे.

सदाफुली

आले परत. मुलीबरोबर खेळते (वय १०). तिला लांडगा व्हायचं होतं पण कुणाला चावायचं नव्हतं. मग एबेरॉन या डी अँड डीच्या एका जगातली शिफ्टर जात दिली. मिनिटभर रूप बदलतं, थोडे तात्पुरते हिट पॉइंट (मार सोसायचे गुण) मिळतात, शाप नाही. पहिल्यांदा रूप बदललं तेव्हा ती सोफ्यावर उभी राहून अशी ओरडली की खालच्या आजी वर आल्या. आजींना बसवून चहा दिला, त्या पूर्ण सेशन बघून गेल्या 😊

रानवाट

एबेरॉन म्हणजे १२ चंद्र ना? तिथे पौर्णिमा कुठली धरायची?

सदाफुली

म्हणूनच शिफ्टर!

घाटमाथा

आणि ज्यांना हा वाद नकोच त्यांच्यासाठी: २०२५ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये वेअरवुल्फचा अभेद्यपणा मुळातच काढून टाकलाय. साधा बाणही लागतो आता.

रानवाट

वाईट वाटलं वाचून. चांदीच्या शोधात आम्ही तीन सेशन घालवली होती, मंदिरातली समई वितळवण्यापर्यंत गेलो होतो. त्या भीतीची सर कशाला येणार?

पाटावरवंटा

समई?? नका रे असं करू. बरं, त्या कोजागिरीला बांधलेला मुलगा सुटला का?

अमृतवेल

काकू, चोराच्या गाठीचा फासा मी पडद्यामागे टाकला होता. १७ पडले, तिचा बोनस धरून २४. मित्राची ताकद १५, म्हणजे बोनस २, त्याला वीस पडले तरी २२ च. सुटणं शक्यच नव्हतं, पण हे फक्त मला माहीत होतं. रात्रीत तीनदा त्यानं दोर ओढला आणि तिन्ही वेळा मैत्रीण दुधाचा पेला तसाच हातात धरून त्याच्या फाशाकडे बघत राहिली. तिसऱ्या वेळी तो पेला हिंदकळला. शीटवरचा डाग तोच.