पॅनोरमातली 'शिवण' की 'सांधा'?

घाटवाट: आमच्या ट्रेकच्या ग्रुपसाठी पॅनोरमा कसा जोडायचा ते मराठीत लिहितोय. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याचे नऊ फोटो काढले होते. कॅमेरा उभा धरून, प्रत्येकात शेजारच्याचा साधारण तिसरा हिस्सा येईल असे. घरी जोडले तर कातळ नीट जुळला, पण आकाशात उभे पट्टे! लेन्समुळे फोटोच्या कडा जरा काळवंडतात, आणि एक्स्पोजर (कॅमेऱ्याने किती उजेड घ्यायचा ते) ऑटोवर राहिलं होतं. पांढरा ढग आला की तो फोटो गडद. हे पट्टे घालवण्याच्या भागाला मी 'शिवणी विरवणे' असं नाव दिलं. ग्रुपमधल्या एकाने लगेच खोडलं: शिवण कापडाला, फोटोला सांधा. मला 'स्टिचिंग'ला शिवणच बरोबर वाटते. आणि 'ब्लेंडिंग'ला 'विरवणे' चालेल ना?

टाकादोरा: शिवण चालेल, विरवणे नको. कापड विरलं म्हणजे झिजून विरविरीत झालं. शिवण विरली तर ती उसवायच्या बेतात आहे असंच कुणीही समजेल. तुम्हाला हवाय तो शब्द रफू. आईच्या लग्नातल्या शालूला रफू केला होता. रफूवाल्याने आतल्या दुमडीतलेच धागे काढून उभ्या-आडव्या विणीत भरले. बोट फिरवलं की जाड लागायचं, डोळ्याला काही दिसायचं नाही.

अक्षरवेल्हाळ: रफू बाहेरून आलेला शब्द. आपल्याकडे व्याकरणातला संधी असताना तो कशाला? सांधा हा संधीचाच. सूर्य आणि उदय जोडताना 'अ' आणि 'उ' दोघंही आपलं रूप सोडतात, तेव्हा 'ओ' होतो. तुमच्या दोन फोटोंच्या कडांनी नेमकं हेच करायचंय. 'संधिलेपन' लिहा.

चुनखडी: संधिलेपन वाचून मला तरी काही कळलं नसतं. माझे वडील गवंडी. दोन दगडांमधल्या फटीला ते दरज म्हणत. भिंत चढली की दरजा भरायच्या, मग करणीच्या टोकाने त्या ओढून घ्यायच्या. दरज फारसीतली, आणि तिथे तिचा अर्थ शिवणच! शिंप्याला दर्जी म्हणतात ते त्यावरूनच. म्हणजे घाटवाट आणि त्यांचा मित्र दोघंही बरोबर.

घाटवाट: हे माहीतच नव्हतं. पण ब्लेंडिंगचं काय?

उजेड: आधी ते काम नीट बघा. नुसत्या कडा एकमेकींत विरवल्या तर पट्टा जातो, पण वाऱ्याने हललेलं गवत तिथे दुहेरी दिसतं. १९८३ साली बर्ट आणि अ‍ॅडेल्सन या संशोधकांनी यावर तोड काढली. चित्राचे ढोबळ ते बारीक असे थर वेगळे करायचे. आकाशाचा उजेड रुंद पट्ट्यात मिसळायचा, गवताचं पातं मात्र अगदी अरुंद पट्ट्यात. हगिन या पॅनोरमा जोडायच्या सॉफ्टवेअरसोबत येणारं एनब्लेंड हेच करतं. म्हणून मी 'एकजीव करणे' म्हणेन. कढीसाठी ताकात बेसन करतो तसं, एकही गुठळी राहता कामा नये.

अक्षरवेल्हाळ: एकजीव सुंदर आहे. पण दरज मला पटत नाही. सिन्नरच्या गोंदेश्वरासारख्या देवळांच्या बांधणीला शुष्कसांधी म्हणतात. चुना नाही, दगडाची पुढे आलेली कुसू दुसऱ्या दगडाच्या खाचेत. तिथे सांधाच म्हणतात.

चुनखडी: चुनाच नाही, तर भरायला दरज कुठली असणार? आणि बाहेरचे शब्द टाळायचे तर 'बेमालूम' जोडलं असं म्हणणंही सोडावं लागेल. त्याला तुमच्याकडे दुसरा शब्द आहे?

अक्षरवेल्हाळ: 'सांधा कळू न देता' म्हणता येतं. लांब आहे, पण आपलं आहे.

टाकादोरा: चुनखडी, दरज दगडालाच की लाकडालाही? आजोळी माजघराच्या दाराच्या दोन फळ्यांमधल्या फटीला आजी दरज म्हणायची. दुपारी तिच्यातून उन्हाची एक रेघ थेट जात्यापर्यंत यायची. ती दरज कधी कुणी भरली नाही.