मुलाच्या शाळेच्या वस्तूंवर टिकेल असं नाव कसं घालायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मुलगा यंदा पहिलीत गेलाय आणि जूनपासून आत्तापर्यंत दोन बाटल्या, एक टोपी आणि खोडरबर तर किती हरवले त्याचा हिशोबच नाही. वर्गात निम्म्या मुलांकडे सेम निळी बाटली, त्यामुळे बाईंना तरी कसं कळणार कुणाची कुठली.

ऑनलाइन छापील वॉटरप्रूफ स्टिकर बघितले पण महाग वाटले. स्टीलच्या डब्यावर भांड्यांच्या दुकानातून नाव कोरून आणलं, ते मस्त झालं, पेन्सिलींचं मागचं टोक थोडं तासून तिथे बॉलपेनने नाव लिहिते, तेही टिकतं. खरा प्रश्न प्लास्टिकचा आहे. परमनंट मार्करने लिहून वर सेलोटेप लावली तर चार दिवसांत घासणीने कडा सुटतात, आत पाणी जातं आणि नुसता निळा डाग उरतो. मार्करवर पारदर्शक नेलपेंटचा हात दिला तर टिकेल का, कुणी करून बघितलंय? तोंडाजवळ नको, बुडाशी लिहीन.

आणि रेनकोटला काय करायचं? सुई टोचली तर पाणी आत येईल ना? स्वेटरला आईने कापडी पट्टीवर नाव भरून दिलंय, तशी सोय रेनकोटला होत नाहीये. स्वस्तातलं काही सुचवा प्लीज.