कासला शांतता मिळते, पण गुडघे टेकून

'फुलांसाठी प्रसिद्ध कास पठारावर नुसती गर्दी, निवांतपणा कुठला?' असं कुणीतरी विचारलंय. शनिवार-रविवार टाळा, सकाळी लवकर साताऱ्याहून निघा (अंतर जेमतेम २५ किमी) आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग खिशात टाका. भिंग डोळ्याला चिकटवून धरायचं, मग फुलापासून साधारण अडीच सेंमीवर येईपर्यंत वाकायचं. हात लांब करून धरलं की सगळं धूसर दिसतं, आणि बहुतेक जण नेमकं तेच करतात.

पायवाटेवरूनच 'दवबिंदू' ही कीटकभक्षी वनस्पती शोधा. ऊन चढल्यावर खरं दव उडून जातं; दवबिंदूच्या पानांवरचे चिकट थेंब तसेच चमकत राहतात, त्यात एखादं चिलट अडकलेलं दिसेल. शेजारच्या 'सीतेची आसवं' या जांभळ्या फुलांच्या कीटकभक्षी वनस्पतीचे सापळे मात्र ओल्या मातीत दडलेले असतात, ते उकरू नका. इथल्या जांभ्या खडकावर मातीचा थर मुळातच पातळ असतो.