मदत हवी आहे: कॉलेजात चमकलेला क्वार्टरबॅक एनएफएलमध्ये चालेल की फुसका बार निघेल, हे आधी ओळखता येतं का?

नमस्कार मंडळी,

अमेरिकन फुटबॉल नेमाने पाहणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा काढतोय. माझा मुलगा अकरावीत आहे. शाळेत संख्याशास्त्राचा मोठा प्रकल्प करायचाय आणि त्याने विषय घेतलाय एनएफएलचा ड्राफ्ट. पहिल्या फेरीत उचललेले काही खेळाडू साफ का फसतात आणि ते आधी कळू शकतं का, हा त्याचा प्रश्न. आम्ही क्लीव्हलंडजवळ राहतो, त्यामुळे त्याला हाच विषय का सुचला ते जाणकारांना वेगळं सांगायला नको.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच, की एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग, क्वार्टरबॅक म्हणजे पास टाकून आक्रमण चालवणारा खेळाडू, आणि ड्राफ्ट म्हणजे दर एप्रिलमध्ये ३२ संघ सात फेऱ्यांत कॉलेजच्या खेळाडूंमधून निवड करतात ती. आदल्या मोसमात जो संघ सगळ्यात खाली, त्याचा नंबर पहिला.

आमचे क्लीव्हलंडचे ब्राउन्स १९९९ मध्ये नव्याने उभे राहिले. पहिल्याच ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर त्यांनी टिम काउच घेतला. मग २००७ ला ब्रेडी क्विन, २०१२ ला ब्रँडन वीडन, २०१४ ला जॉनी मॅन्झेल, तिघेही क्वार्टरबॅक आणि तिघेही बाविसाव्या क्रमांकावर. एकही टिकला नाही. वीडन तर आधी बेसबॉल खेळून आलेला, निवड झाली तेव्हा २८ वर्षांचा होता. २०१७ मध्ये संघ सोळाच्या सोळा सामने हरला. पण मला चक्रावून टाकते ती दुसरीच गोष्ट. २००७ मध्ये क्विनच्या आधी, त्याच दिवशी, त्याच लोकांनी तिसऱ्या क्रमांकावर जो थॉमस घेतला होता. तो लेफ्ट टॅकल (क्वार्टरबॅकची डावी बाजू राखणारा) सलग १०,३६३ स्नॅप, म्हणजे डाव, खेळला, एकही चुकवला नाही, आणि २०२३ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मान-यादीत, गेला. मग या माणसांना खेळाडू ओळखता येत होता की नव्हता?

मुलाने पहिल्यांदा कंबाइनचे आकडे गोळा केले. दर वर्षी इंडियानापोलिसला कॉलेजच्या मुलांची जी चाचणी होते तिथले: ४० यार्ड पळायला लागणारा वेळ, २२५ पौंड किती वेळा उचलले, उंची, वजन. त्यात कॉलेजमधली पास पूर्ण करण्याची टक्केवारी घातली. हाती काही लागलं नाही. पुढे थोर ठरलेल्या टॉम ब्रेडीने ४० यार्डांना ५.२८ सेकंद घेतले होते, १९९ व्या क्रमांकावर गेला. जॉश ॲलनची वायोमिंगमधली टक्केवारी ५६ च्या आसपास, आज तो आघाडीच्या क्वार्टरबॅकमध्ये आहे ते आपण बघतोच.

आता माझे प्रश्न. बस्ट, म्हणजे फसलेली निवड, नेमकं कशाला म्हणायचं, म्हणजे तक्त्यात हो किंवा नाही असं लिहिता येईल? खेळाडू फसला की संघाने त्याला बुडवलं, हे वेगळं कसं काढायचं? आणि तिसरा प्रश्न माझा स्वतःचा. शनिवारी आम्ही दोघं कॉलेजचे सामने बघतो तेव्हा नजर कुठे ठेवायची? मी क्रिकेटवर वाढलेला माणूस, चेंडू जिकडे जातो तिकडेच माझे डोळे जातात.

न्यूजर्सीकर

दादा, न्यूयॉर्क जेट्सच्या चाहत्याला हा प्रश्न विचारलात, आता ऐका. २००८ ला सहाव्या क्रमांकावर आम्ही व्हर्नन गोल्स्टन घेतला. ओहायो स्टेटमध्ये आदल्या मोसमात १४ सॅक (पास सुटायच्या आत क्वार्टरबॅकला पाडणं), शरीरयष्टी अशी की कंबाइनला सगळे बघत राहिले. जेट्ससाठी तीन मोसम खेळला आणि सॅक किती? शून्य. एकही नाही. नुसत्या शरीरावर भाळून केलेल्या निवडीचं यापेक्षा मोठं उदाहरण मला माहीत नाही.

१९९५ मध्ये माइक मॅम्युलाचंही कंबाइनमध्ये असंच नाव झालं. त्याच्यासाठी फिलाडेल्फियाचे ईगल्स बाराव्या क्रमांकावरून सातव्यावर चढले. तो अगदीच वाया गेला असं नाही, ३१.५ सॅक केल्या त्याने. पण ईगल्सने सोडलेल्या त्या बाराव्या क्रमांकावर टँपा बेने वॉरन सॅप घेतला आणि तो हॉल ऑफ फेममध्ये आहे. म्हणून मॅम्युलाला लोक बस्ट म्हणतात. मला हे अन्यायाचं वाटतं. तुमच्या मुलाने हे मुद्दाम तपासावं, की खेळाडूला त्याच्या स्वतःच्या खेळावर मोजतोय की त्याच्या मागून कोण निवडला गेला त्यावर.

बाकी क्वार्टरबॅक सॅम डार्नल्ड आमच्याकडे तीन वर्षं होता, २०२१ ला दिला. २०२४ मध्ये मिनेसोटाने त्याच्यासोबत १४ सामने जिंकले.

सॅन होजेकर

डार्नल्डचा विषय निघालाच आहे तर क्वार्टरबॅक ॲलेक्स स्मिथचं प्रकरण पूर्ण सांगतो, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच दिसतं.

२००५, पहिला क्रमांक, आमचे सॅन फ्रान्सिस्को फोर्टी नाइनर्स. पहिल्या मोसमात एक टचडाउन पास (गुण मिळवून देणारा) आणि ११ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास). त्यानंतर जवळजवळ दर वर्षी आक्रमणाचा प्रशिक्षक बदलला. म्हणजे दर वर्षी डावांची नवी वही, नव्या खुणा, त्याच खेळाला नवं नाव. मधे खांद्याची शस्त्रक्रिया. इथल्या स्टेडियममध्ये त्याची हुर्यो उडवताना मी लोकांना ऐकलंय. मग २०११ मध्ये जिम हारबॉ प्रशिक्षक म्हणून आला. खेळाडू तोच, आणि संघ १३ जिंकला, ३ हरला. पुढे कॅन्सस सिटीला गेला, तिथेही वर्षानुवर्षं जिंकत राहिला, आणि २०१७ मध्ये त्याच्याच मागे बसून पुढे नामांकित झालेला क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स शिकला. मुलाने तक्ता २००८ ला बंद केला तर स्मिथ बस्ट, २०१३ ला बंद केला तर उत्तम निवड. तेव्हा किती वर्षांनी मोजायचं हे आधी ठरवा आणि सगळ्यांना तेच लावा.

पण संघावर सगळं ढकलू नका. आमच्याकडेच उलटा दाखलाही आहे. २०२१ मध्ये क्वार्टरबॅक ट्रे लान्सला तिसऱ्या क्रमांकावर घ्यायला आम्ही तीन वर्षांच्या पहिल्या फेरीतल्या निवडी मोजल्या. नॉर्थ डकोटा स्टेटचा मुलगा, करोनामुळे २०२० मध्ये त्याला एकच सामना खेळायला मिळाला होता. पुढच्या वर्षी ड्राफ्टचा अगदी शेवटचा, २६२ वा खेळाडू म्हणून ब्रॉक पर्डी घेतला. दोघांना प्रशिक्षक एक, वही एक, झेल घेणारे तेच. लान्सला दुखापत झाली हे खरं, पण पर्डी पहिल्याच मोसमात खेळायला लागला आणि लान्सला २०२३ मध्ये डॅलसला चौथ्या फेरीतल्या एका निवडीच्या बदल्यात देऊन टाकलं. पर्डी आयोवा स्टेटला चार वर्षं मैदानावर होता. हा फरक मला फार मोठा वाटतो.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. लान्स-पर्डीची जोडी मुलाला प्रचंड आवडली. 'कॉलेजात किती सामने सुरुवातीपासून खेळला' हा रकाना त्याने लगेच घातला. मिचेल ट्रुबिस्कीचे फक्त १३ निघाले. २०१७ मध्ये शिकागोने त्याला दुसरा घेतला तेव्हा महोम्स अजून शिल्लक होता, तो दहावा गेला.

आता संघ किती वाईट होता हे आकड्यात कसं आणायचं? मी म्हटलं, किती सॅक झाल्या ते घे. काउचला पहिल्या मोसमात ५६ वेळा पाडलं होतं, ह्यूस्टनच्या डेव्हिड कारला २००२ मध्ये तब्बल ७६ वेळा, तो विक्रम आहे. मुलगा म्हणतो, बाबा, यातल्या काही सॅक क्वार्टरबॅकच्या स्वतःच्याही असणार, चेंडू धरून ठेवला म्हणून. आता काय करावं?

ऑस्टिनकर

मुलगा बरोबर बोलतोय. आणि तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे.

प्रतिस्पर्धी अंगावर धावून आला, तेव्हा किती वेळा सॅक झाली आणि किती वेळा चेंडू सुटला, हे प्रमाण काढा. नुसत्या सॅकपेक्षा हे कितीतरी उपयोगी, कारण त्याला राखणारी पुढची रांग, म्हणजे लाइन, बदलली तरी ही सवय माणसाबरोबर पुढच्या संघात जाते. कॉलेजात जो चेंडू धरून राहतो तो वरही बहुतेक वेळा धरूनच राहतो, फक्त वर अंगावर येणारे जास्त चपळ असतात.

आता शनिवारी काय बघायचं. आधी दोन नियम लक्षात घ्या, कारण कॉलेजचं मैदान दिसायला तेच असलं तरी खेळ तो नाही. कॉलेजात दोन हॅश मार्कांमधलं (डाव जिथून सुरू होतो त्या खुणांच्या दोन रांगांमधलं) अंतर ४० फूट, एनएफएलमध्ये साडेअठरा. त्यामुळे कॉलेजात चेंडू कडेच्या हॅशवर असला की दुसऱ्या बाजूला भलंमोठं रान मोकळं असतं. दुसरं, पास जायच्या आधी लाइनमनला कॉलेजात तीन यार्ड पुढे जाता येतं, एनएफएलमध्ये एकच. या दोन यार्डांवर कॉलेजच्या आक्रमणाचा मोठा डोलारा उभा आहे. लाइनमन धावायच्या डावासारखे पुढे घुसतात, लाइनबॅकर (त्यांच्यामागे उभा बचावपटू) फसून आत येतो, आणि क्वार्टरबॅक त्याच्या डोक्यावरून दहा यार्डांचा सोपा पास टाकतो. आकड्यात तो पूर्ण पास, पण त्यात त्याने वाचलं काय? एकच माणूस.

म्हणून असे पास आणि ओळीमागचे स्क्रीन पास बाजूला काढा. तिसरा डाउन (चार प्रयत्नांपैकी तिसरा), आठ-दहा यार्ड हवेत, स्कोअर जवळचा, अशा वेळी बघा. चेंडू हातात आल्यावर चेंडूकडे बघू नका, क्वार्टरबॅकच्या हेल्मेटकडे बघा. पहिला रिसीव्हर (झेल घेणारा) झाकलेला आहे, मग हेल्मेट दुसरीकडे वळतं का? वळताना पायही त्याच दिशेला वळतात, की पाय तिथेच आणि नुसता हात? की पहिला बंद दिसल्याबरोबर पळतच सुटतो? सेफ्टीला, म्हणजे सगळ्यात मागच्या बचावपटूला, एकीकडे बघून खेचतो आणि दुसरीकडे टाकतो का? एका सामन्यात असे बारा-पंधरा डाव मिळतात. तेवढेच पुन्हा पुन्हा बघा, संध्याकाळ पुरते.

महोम्सबद्दल एक सांगतो. आमच्या टेक्सासमध्ये तेव्हा सगळे म्हणायचे, टेक्सास टेकची पद्धतच अशी आहे, तिथे कोणाचेही आकडे फुगतात. २०१६ मध्ये तो ओक्लाहोमाविरुद्ध ७३४ यार्ड टाकून हरला, ६६-५९. त्या मोसमात संघ पाच जिंकला, सात हरला. आकडे फुगलेले होते, मान्य. पण सगळं ढासळत असताना, तोल गेलेला असताना तो चेंडू कुठे टाकत होता ते ज्यांनी बघितलं, त्यांनी त्याला घेतलं.

औंधवासी

मी फुटबॉल पाहत नाही, संख्याशास्त्र शिकवते. पण तुमच्या चिरंजीवांच्या तक्त्यात दोन सापळे दिसतात, ते सांगते.

पहिला असा. त्यांच्या यादीत फक्त निवडले गेलेले खेळाडू आहेत. बुटका क्वार्टरबॅक निवडला जातो तो बाकी सगळ्यात असामान्य असेल तरच. त्यामुळे यादीत उंचीचा यशाशी संबंध दिसणार नाही, उलटाही दिसेल. म्हणून उंची बिनमहत्त्वाची, असा निष्कर्ष काढू नये. चाळणीतून आधीच गाळलेल्या धान्यावरून चाळणीची परीक्षा होत नाही. कंबाइनचे आकडे 'काहीच सांगत नाहीत' असं जे वाटलं, त्याचं एक कारण हे असू शकतं. अहवालात हे लिहिलं तर शिक्षकांना नक्की आवडेल.

दुसरा सापळा यश मोजण्याचा. 'किती सामने खेळला' हे माप घेतलं, तर वरच्या क्रमांकाच्या खेळाडूला पैसे आणि प्रतिष्ठा गुंतलेली असल्यामुळे वाईट खेळूनही संधी मिळत राहते. शेवटच्या फेरीतल्याला एका चुकीवर घरी पाठवतात. म्हणजे माप स्वतःच क्रमांकाने रंगलेलं.

रिचर्ड थेलर, २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले, यांनी केड मॅसी यांच्याबरोबर याच ड्राफ्टवर काम केलंय. एकाच जागेवर खेळणाऱ्या दोघांत आधी निवडलेला नंतरच्यापेक्षा सरस ठरण्याची शक्यता निम्म्याहून जेमतेम जास्त, असं त्यांना आढळलं. तरी संघ वर चढण्यासाठी भरमसाट किंमत देतात. त्यांचा निबंध मुलाने अवश्य वाचावा.

सॅन होजेकर

ताई, सामन्यांऐवजी 'पहिला करार संपल्यावर कोणत्याही संघाने मुख्य खेळाडू म्हणून पुन्हा करार केला का' हे माप चालेल? स्मिथ त्यात बसतो, रायन लीफ बसत नाही. १९९८ मध्ये पहिला पेटन मॅनिंग, दुसरा लीफ. मॅनिंगने पहिल्या वर्षी २८ इंटरसेप्शन दिले, लीफपेक्षा जास्त! पण त्याच्या संघाने, कोल्ट्सनी, त्याला सोडलं नाही. पहिल्या वर्षाचा आकडा घेऊ नका एवढंच.

औंधवासी

चालेल, बरंच बरं. 'मुख्य खेळाडू' म्हणजे किती रकमेचा करार ते मात्र आधी लिहून ठेवा, नंतर नको.

धागाकर्ता

मंडळी, मुलगा शेजारी बसून वाचतोय. दुसऱ्या कराराचं माप घ्यायचं ठरलं, रकमेची रेषा तो आजच ठरवतोय. वर्षं १९९९ ते २०१९ घेतो, म्हणजे सगळ्यांना पुरेसा काळ मिळतो. सॅकचं प्रमाण ऑस्टिनकर म्हणतात तसं घालायचंय, पण कॉलेजचे जुने मोसम अडलेत. कोणी किती वेळा अंगावर आलं, हे मोफत कुठेच सापडत नाहीये. कोणाला ठिकाण माहीत असेल तर कृपया इथेच लिहा. नाहीतर काही थोडे सामने निवडून हातानेच मोजावे लागतील, आणि त्याची आमची तयारी आहे. ताई, असे किती सामने घेतले तर पुरतील?