जुन्या घराचं लाकूड, नव्या घराचं बिल: तुमचे अनुभव लिहा

परवा गोव्यात आसगावला मैत्रिणीबरोबर फर्निचरच्या एका दुकानात गेले होते. दुकान म्हणजे जुनं कौलारू घरच. आत एसी, कोपऱ्यात कॉफी आणि मधोमध सहा माणसांचं जेवणाचं टेबल. चिठ्ठीवर 'रिक्लेम्ड टीक, जुन्या पोर्तुगीज घराच्या तुळया' आणि खाली १,८५,०००. वाकून कडेला बघितलं तर फळीत एक चौकोनी खाच, लाकडाचाच तुकडा ठोकून बुजवलेली, पण मुद्दाम दिसेल अशी. वासा बसायची खाच ती. आमच्या डिचोलीच्या घराच्या तुळईला अशा आठ-दहा होत्या. मामाने पडवी उतरवली तेव्हा वासे, रिपा, कौलं सगळं मिळून १८,००० ला दिलं आणि वर टेम्पो भरणाऱ्यांना चहा पाजला.

दुकानदार चोर आहे असं मला म्हणायचं नाही. एवढे पैसे नक्की कशाचे, ते समजून घ्यायचंय. ज्यांनी विकत घेतलं, ज्यांनी विकलं, जे बनवतात, जे फसले, सगळ्यांनी लिहा. दुकानाचं नाव नको. आकडा मात्र हवा, लाजू नका.

केपे

विकणाऱ्यांतला मी. आजोबांचं घर, अकरा हिस्सेदार, दोघे पोर्तुगालात, एक दुबईला. आपल्या गोव्यात नवरा-बायको दोघांच्या सह्या लागतात, म्हणजे अकराचे वीसेक झाले. इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातली वारसांची वाटणी, संपेपर्यंत घराला कोणी हात लावायचा नाही असं ठरलं. पावसाला ते कोणी कळवलं नाही. तीन मंगलोरी कौलं सरकली आणि दोन पावसाळ्यांत खालचा वासा चिमटीत चुरडण्यासारखा झाला.

शेवटी कंत्राटदाराला उभ्या घराचा ठोक भाव सांगितला, ३५,०००. त्याने घासाघीस केली नाही. आल्या आल्या त्याच्या माणसांनी आधी दारं उतरवली, पडायला आलेली भिंत तशीच ठेवून. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

त्यातलं एक दार पुढे एका रेस्टॉरंटमध्ये बारचा काउंटर झालेलं बघितलं. आजी दुधाचा हिशेब दाराच्या आतल्या बाजूला खिळ्याने रेघा ओढून ठेवायची. चार उभ्या, पाचवी आडवी. त्या रेघा आता पॉलिशखाली. मी त्यावर कोपर ठेवून बिअर प्यायलो, बिल दिलं, घरी आलो. बायकोला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

फोंडा, सुतारकाम

मी मेस्त. भाचा टाइप करून देतोय, चुका त्याच्या.

धागा काढणाऱ्या बाई, तुमच्या टेबलाचा हिशेब मांडतो. सहा बाय तीन फूट, दीड इंच जाड फळी धरली तर सव्वादोन घनफूट. पाय आणि पट्ट्या मिळून दीड. झाले पावणेचार. पण जुन्या लाकडाचं पावणेचार घनफूट हवं तर साडेसात विकत घ्यावं लागतं. टोकं पावसाने गेलेली असतात, भिंतीत रुतलेला भाग वाळवीने खाल्लेला असतो, मधे खाचा, भोकं, चिरा. मी गेल्या खेपेला चांगलं जुनं सागवान घनफुटाला ३,००० ने उचललं. म्हणजे साडेबावीस हजार इथेच गेले.

आता खिळे. डोकं वर असलेला खिळा पोरगासुद्धा काढतो. त्रास देतो तो डोकं उडालेला, आत गंजून बसलेला. आम्ही मेटल डिटेक्टर फिरवतो. तो वाजला की पटाशीने कोरत जायचं. एका तुळईतून माझ्या पोराने एका दिवसात एकसष्ट खिळे काढले, मी डबा मोजला. तरी एक राहिलाच आणि रंधा मशीनच्या पात्यांना दात पडले. सॉमिलवाला असलं लाकूड पट्ट्यावर घेताना आधी तोंड वाकडं करतो, मग सांगतो, पट्टा तुटला तर तुझे पैसे.

माझी आणि मदतनिसाची मजुरी दिवसाला २,०००, असे दहा दिवस. कापणी, पाती, पॉलिश मिळून आठ-दहा हजार. माझ्या शेडमधून टेबल साधारण बावन्न हजारांना बाहेर पडतं. माझा नफा लावून मी ते पासष्टला देतो. पुढचं मला विचारू नका. १,८५,००० करासकट असतील तर त्यातले अठ्ठावीस हजारांवर नुसता १८ टक्के जीएसटी. उरलेल्यात दुकानाचं भाडं, एसी, तुमची कॉफी.

एक गोष्ट मात्र खरी. जुन्या सागवानाचा गाभा आज पैसे देऊनही पटकन मिळत नाही. हल्ली कोवळं झाड तोडून येतं, त्यात पांढरा भाग जास्त, आणि पांढऱ्याला वाळवी सोडत नाही.

पर्वरी (धागा मीच काढला)

मेस्तकाका, कॉफी फुकट होती असं मला वाटत होतं!

मडगाव

४८,००० चं कन्सोल, म्हणजे भिंतीलगतचं अरुंद टेबल. 'शंभर वर्षांपूर्वीचं दार' म्हणून घेतलं, खिळ्यांच्या भोकांसकट. चार महिन्यांनी खणाखाली पिठासारखी बारीक भुकटी पडायला लागली. भुंगा. सुताराला बोलावलं. त्याने कन्सोल उलटं केलं, एका भोकात काडी घातली आणि हसायलाच लागला. जुना लोखंडी खिळा लाकडात राहिला की भोवती निळसर काळा डाग उतरतो, आतपर्यंत. इथे डाग वरच्या पॉलिशपुरता, आत लाकूड पांढरं. शिवाय सगळी भोकं एकाच ड्रिलची, तीन-तीन इंचांवर. नवं आंब्याचं लाकूड निघालं, साखळीने ठोकून आणि तारेच्या ब्रशने घासून म्हातारं केलेलं.

आंब्याच्या लाकडाबद्दल तक्रार नाही. आंबा म्हणून विकलं असतं तर वीस हजारांना आनंदाने घेतलं असतं.

म्हापसा

आमच्याकडे आजोबांची व्होल्तेर आरामखुर्ची आहे, लांब हातांची, वेताची. दर दिवाळीच्या आसपास कोणीतरी विचारायला येतं. आई त्याला त्याच खुर्चीत बसवते, चहा देते आणि नाही म्हणते.

हणजुणे, होमस्टे

इथे सगळे विकत घेणाऱ्यांना वेड्यात काढतायत, म्हणून लिहिते. मी जुन्या दाराचा पलंगाचा हेडबोर्ड ६२,००० ला घेतला. खरा आहे, वरच्या भोकांतले काळे डाग मघाशीच जाऊन तपासले. (धन्यवाद मडगाव, तासभर धाकधूक होती.) त्या खोलीत उतरलेला जवळजवळ प्रत्येक पाहुणा त्याच्यापुढे फोटो काढतो. त्या खोलीला मी रात्रीचे ८०० जास्त लावते आणि देतात. एका हंगामात खर्च निघाला.

केपेच्या भाऊंचं वाचून मात्र आज दुपारी दाराची मागची बाजू बघितली. रेघा नाहीत. कोणीतरी मुलाची उंची मोजल्यासारख्या दोन खुणा आहेत.

वास्को

रेल्वे रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरचं बाकडं, गच्चीसाठी, २२,०००. दिसायला झकास. एप्रिलमध्ये ऊन तापलं आणि त्यातून काळं तेल पाझरायला लागलं, डांबरासारखा वास. त्या स्लीपरना कुजू नयेत म्हणून क्रिओसोट नावाचं डांबरी तेल पाजलेलं असतं. ते विषारी, त्यावर पोरंबाळं बसवायची नाहीत. मुलीच्या पांढऱ्या फ्रॉकवर दोन पट्टे उमटले तेव्हा कळलं. बाकडं आता घराबाहेर, त्यावर भंगाराचे डबे.

फोंडा (हौशी)

मेस्तांच्या गावचा, पण नुसता हौशी. पाडलेल्या गोठ्याच्या फणसाच्या फळ्या फुकट मिळाल्या. त्यातून पुस्तकांचं शेल्फ केलं. फुकट लाकडाला एकूण ७,४०० रुपये आणि सहा रविवार लागले, करवतीची एक चकती खिळ्यावर गेली ती धरून. पण घासल्यावर आतून जो पिवळा निघाला! वर्षभरात तो मधासारखा गडद झालाय. पाहुणे विचारतात कितीला घेतलं. मी तीस हजार सांगतो. कोणी आजवर दचकलं नाही.

पर्वरी

मामाला फोन केला. म्हणाला, "अठरा हजार तेव्हा मोठे वाटले गे, कौलं उतरवायलाच कोणी तयार नव्हतं." हेही खरंच. तुळया खाली उतरवणं हेच निम्मं काम, आणि ते कंत्राटदाराने अंगावर घेतलं होतं. तरी मेस्तकाकांनी सांगितलेल्या दराने मी बसून हिशेब केला. दोन तुळया आणि वासे धरून वीसेक घनफूट तरी असेल. पुढचा गुणाकार मामाला सांगितला नाही.

केपे

मेस्त, एक विचारू? घर गेलं, पण एक उंबरठा राहिलाय. कंत्राटदाराच्या माणसांना तो भिंतीतून निघेना. नंतर आम्हीच काढला आणि विहिरीपाशी टाकला. साडेपाच फूट लांब, पाच इंच जाड. आई त्यावर कपडे आपटते. काही होईल का त्याचं?

फोंडा, सुतारकाम

कसलं लाकूड?

केपे

काळपट आहे. ओला झाला की जांभळा दिसतो.

फोंडा, सुतारकाम

शिसवी असेल, नक्की बघितल्यावर सांगतो. आधी तो पाण्यातून उचला. उन्हात टाकू नका, तडकेल. पडवीत सावलीला, खाली दोन विटा घालून ठेवा. आईला कपड्यांसाठी दुसरा दगड बघून द्या. आणि हे बघा बाब, फोटो इथे टाकू नका. उद्या सकाळी दारात टेम्पो उभा असेल.